एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील : व्हीएफएक्समधलं ‘एक्स्प्रेशन’ नेमकं काय असतं?

समजा, एका वेब सिरीजची गोष्ट १९७० सालातली आहे. नायक उरणच्या मोरा बंदरात लाँच पकडतो आणि भाऊच्या धक्क्याकडे निघतो. शूटिंग मात्र आजचं. आज त्या पट्ट्यात कॅमेरा फिरवला की जेएनपीटीच्या क्रेन फ्रेममध्ये यायची भीती, आणि ते बंदर सुरूच झालं १९८९ मध्ये. त्यात हलत्या लाँचवर लाइट, कॅमेरा आणि अख्खं युनिट चढवायचं म्हणजे वेगळीच कसरत.

मग सोपा मार्ग निवडला जातो. समुद्र वेगळा शूट होतो. लाँच वेगळी. नायक स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभा राहतो. लाँचवर टांगलेला कंदील आणि पाण्यातलं प्रतिबिंब कॉम्प्युटरवर तयार होतं. हे सगळं एकत्र आणून ‘एकाच ठिकाणी घडलंय’ असं भासवणं म्हणजे कंपोझिटिंग.

आता दिग्दर्शक शॉट बघतो आणि म्हणतो, “लाँच अजून थोडी हलू दे.”

ऐकायला एवढंसं वाटतं. पण लाँच हलली तर नायकही तेवढाच हलला पाहिजे, कंदीलही आणि प्रतिबिंबही. आर्टिस्टने तीन ठिकाणी आकडे बदलले आणि चौथं विसरला, की नायक डेकवर उभा न राहता हवेत तरंगतो. अशी दोन सेकंदांची क्लिप सापडली की मीम तयार व्हायला वेळ लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ही चूक टाळायची, तर आकडे एकमेकांना जोडून ठेवावे लागतात. ती जोडणी म्हणजे एक्स्प्रेशन.

आधी नोड समजून घेऊ

न्यूक, फ्यूजन, ब्लेंडर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक काम एका छोट्या डब्यात असतं. धूसर करणारा डबा ब्लर, हलवणारा ट्रान्सफॉर्म, रंग बदलणारा ग्रेड. या डब्याला नोड म्हणतात. चित्र एका नोडमधून निघतं आणि तारेने पुढच्या नोडमध्ये जातं. प्रत्येक नोडला स्वतःची सेटिंग असतात : किती धूसर, किती पिक्सेल वर, किती उजळ. या सेटिंगला पॅरामीटर म्हणतात. न्यूकमध्ये त्याचं नाव ‘नॉब’, म्हणजे जुन्या रेडिओचं बटण असतं ना, तसं.

न्यूकमध्ये तारेतून चित्र जातं, पण सेटिंगचा आकडा जात नाही. मोठ्या शॉटमध्ये शेकडो नोड असू शकतात आणि प्रत्येकाचे आकडे आपापल्या जागी बसलेले असतात.

एक्सेल वापरलं असेल तर पुढचं लगेच कळेल. एका सेलमध्ये आपण बरोबरचं चिन्ह टाकतो आणि दुसऱ्या सेलचा पत्ता देतो. मूळ सेल बदलला की हा सेलही बदलतो. एक्स्प्रेशनमध्येही हेच होतं. आकड्याच्या जागी ‘लाँच नावाच्या नोडची उभी हालचाल जेवढी, तेवढीच इथे घे’ असं लिहायचं. पत्ता तीन भागांचा : आधी नोडचं नाव, मग नॉबचं नाव, मग आडवं की उभं. मध्ये टिंब.

मोऱ्याची लाँच हलवून बघू

लाँच लाटेवर डोलते, त्यामुळे तिची हालचाल फ्रेमगणिक हाताने भरत बसायची गरज नाही. शाळेत नकोसा वाटलेला ‘साइन’ इथे कामाला येतो. चालू फ्रेमच्या नंबराला १२ ने भागा, त्याचा साइन घ्या आणि ३ ने गुणा. लाँच ३ पिक्सेल वर, ३ पिक्सेल खाली डोलायला लागते. एक फेरी साधारण ७५ फ्रेममध्ये पूर्ण होते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तीन सेकंदांहून किंचित जास्त. झोका सावकाश हवा असेल तर १२ चा आकडा वाढवायचा, मोठा हवा असेल तर ३ चा.

नायकाच्या नोडला लाँचचा पत्ता दिला, की तो डेकला चिकटला. प्रतिबिंबालाही तोच पत्ता, पण उणे एकने गुणून, कारण लाँच वर गेली की पाण्यातली लाँच खाली जाते. कंदिलाची गंमत वेगळी आहे. टांगलेली वस्तू जरा उशिरा हलते, म्हणून त्याला लाँचची आत्ताची जागा न देता पाच फ्रेम आधीची द्यायची. न्यूकमध्ये पत्त्यापुढे कंसात ‘फ्रेम उणे पाच’ लिहिलं की झालं. डोळ्याला खरं वाटतं ते अशा छोट्या उशिरामुळे.

आता दिग्दर्शकाची मागणी पुन्हा आठवा. ३ च्या जागी ८ लिहिलं, की चारही गोष्टी एकदम जास्त हलतात.

अजून एक भानगड उरते. ३ पिक्सेल हे १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात ठीक. तोच शॉट ३८४० रुंदीत गेला, की तीच हालचाल निम्मी दिसेल. म्हणून ३ ऐवजी ‘रुंदी भागिले ६४०’ लिहितात. १९२० ला उत्तर ३ येतं, ३८४० ला ६.

फोकसचा खेळही असाच. पुढचा नायक स्पष्ट होताना मागचा समुद्र धूसर व्हायला हवा. मागच्या ब्लरमध्ये ‘२० वजा पुढचा ब्लर’ लिहिलं, की एकाच स्लायडरवर दोन्ही चालतात.

हे करायचं कसं?

न्यूकमध्ये आकड्याच्या चौकटीवर माउस नेऊन बरोबरचं बटण दाबलं की लिहायची खिडकी उघडते. किंवा कंट्रोल दाबून एका नॉबचं ॲनिमेशन बटण दुसऱ्यावर ओढायचं. जोडलेल्या नोडमध्ये हिरवा बाण दिसतो. फ्यूजनमध्ये चौकटीत बरोबरचं चिन्ह टाइप करून एंटर मारायचं. ब्लेंडरमध्ये याला ड्रायव्हर म्हणतात आणि तो लागलेली चौकट जांभळी होते.

नोडची अख्खी जुळी प्रत करायचीही सोय न्यूकमध्ये आहे, तिला क्लोन म्हणतात. पण क्लोनमध्ये सगळीच सेटिंग एकत्र बदलतात. आपल्याला लाँचचा झोका हवाय, तिचा आकार नकोय, तिथे एक्स्प्रेशनच लागतं.

आणि गंडतं कुठे?

जोडणी एकाच दिशेने चालते. लाँचने नायकाचं ऐकायचं आणि नायकाने लाँचचं, असं केलं की दोघं एकमेकांना विचारत बसतात आणि सॉफ्टवेअर एरर देतं. ही चूक बरी, निदान दिसते तरी.

न दिसणारी चूक जास्त महागात पडते. ‘ब्लर१’ नावाच्या नोडला जोडलेला तुकडा दुसऱ्या शॉटच्या फाइलमध्ये पेस्ट केला. मूळ ब्लर१ सोबत आणला नाही, पण त्या फाइलमध्ये आधीच एक ब्लर१ होता. आता जोडणी गुपचूप त्याच्याशी होते. एरर नाही, लाल खूण नाही, फक्त आकडा चुकीचा. म्हणून जाणकार लोक नोडला ‘लाँच_झोका’ अशी ओळखू येणारी नावं देतात. शिवाय चित्राला हात न लावणारा एक रिकामा नोड ठेवून सगळे मुख्य स्लायडर त्यातच बनवतात. शॉट दुसऱ्याच्या हातात गेला तरी त्याला बदल कुठे करायचे हे कळतं.

न्यूकमधला ‘डॉलर जीयूआय’ हा शब्दही असाच दुधारी आहे. जड नोडच्या ‘बंद ठेवा’ या नॉबमध्ये तो लिहिला, की खिडकी उघडी ठेवून काम करताना तो नोड बंद राहतो आणि मशिन हलकं चालतं. वेगळ्या मशिनवर किंवा कमांड लाइनवरून रेंडर केलं की तो चालू होतो. पण घाईत त्याच खिडकीतून रेंडर काढला, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अजून कामच चाललेलं असतं. नोड बंदच राहतो आणि धूसर हवा असलेला समुद्र कडक शार्प होऊन बाहेर पडतो.

फुकटात शिकता येईल का?

न्यूक १९९३ मध्ये डिजिटल डोमेन या अमेरिकन स्टुडिओने स्वतःच्या वापरासाठी बनवलं. २००७ मध्ये ते लंडनच्या द फाउंड्रीकडे गेलं. व्यावसायिक लायसन्स विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं नाही, पण शिकण्यासाठी नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे. तिच्यातून १९२० बाय १०८० पेक्षा मोठं चित्र निघत नाही आणि तिच्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजनचं पान येतं, आणि ब्लेंडर तर पूर्ण मोफतच. लाँचचा झोका या तिन्हींत बनवता येतो. साइनचं सूत्र तेच राहतं, फक्त चालू फ्रेमला फ्यूजनमध्ये ‘टाइम’ म्हणतात.