निजलेल्या माणसाशी करार

भंडारदऱ्याला मी यंदा दुसऱ्यांदा गेलो, तो एका पत्राला उत्तर द्यायचे म्हणून. पहिल्यांदा गेलो होतो १९६३ साली, पनवेलच्या आमच्या शाळेच्या सहलीबरोबर. त्या सहलीत माझ्या शेजारी बसलेला माझा बेने इस्राएल मित्र दोन वर्षांनी आईवडिलांबरोबर इस्राएलला निघून गेला. तेव्हापासून दर दिवाळीला त्याचे मराठीत पत्र येते. साठ वर्षांत मी त्याला उत्तरे किती धाडली, ते मोजायला बसलो तर दोन हातांची बोटेसुद्धा उरतील. गेल्या दिवाळीच्या पत्रात त्याने विचारले होते, "रंधा अजून तसाच कोसळतो का रे? आणि आमच्या विल्सनसाहेबाचं धरण उभं आहे ना?"

या विल्सनसाहेबाचा एक घोटाळा आहे. सहलीत मास्तर सांगत होते की, प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले. तोच माझा मित्र छाती काढून म्हणाला, "सर, यांनीच आमच्या लोकांना हिब्रू शिकवलं!" सगळा वर्ग हसला. त्याच्या मनातले विल्सन वेगळे. १८२९ साली मुंबईला आलेले स्कॉटिश पाद्री डॉ. जॉन विल्सन. त्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले होते. हसू ओसरले, पण माझ्या डोक्यात भलताच किडा शिरला. ज्यांचा धर्मग्रंथच हिब्रूत, त्यांना ती भाषा परक्या धर्माच्या पाद्र्याकडून शिकायची वेळ का यावी? मित्र म्हणाला, "आजीला विचार."

आजी नऊवारीतली, कपाळ मोकळे, बोलणे अस्सल कुलाबी. सिनेगॉगला ती 'मशीद' म्हणे. १८८०च्या सुमारास त्यांच्या समाजात मराठी कीर्तने होऊ लागली होती. अब्राहामाची, योसेफाची आख्याने साकी-ओवीत लावलेली. ती ऐकत वाढलेली ही बाई साधी गोष्टसुद्धा चालीवर सांगे. माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने दिलेच नाही. अब्राहामाची गोष्ट मात्र सांगितली.

देवाने अब्राहामाला संतती आणि भूमी देऊ केली. म्हातारा म्हणाला, खूण काय? त्या काळी करार करताना जनावरे चिरून दोन रांगांत मांडीत आणि करार करणारे त्यांच्या मधून चालत. मी शब्द मोडला तर माझी गत अशीच होवो, असा त्याचा अर्थ. अब्राहामाने कालवड, शेळी, मेंढा चिरून मांडले, घारी-गिधाडे हाकलली आणि दिवस बुडताना त्याला गाढ झोप लागली. मग अंधारात धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. "देव एकटाच चालला," आजी म्हणाली. "हा निजलेला."

"मग अब्राहामानं शब्द दिलाच नाही?" मी विचारले.

"त्याच्या शब्दाचं काय घेऊन बसलास? त्यानं सख्ख्या बायकोला बहीण म्हणून सांगितलंन, तेसुद्धा दोनदा."

दुसऱ्यांदा तर या करारानंतर! पुढे मी हे ग्रंथ मराठीतून वाचले, तेव्हा आजीचे बोल आठवत राहिले. मोशे डोंगरावर चाळीस दिवस राहिला, तर खाली लोकांनी सोन्याचे वासरू ओतले. दावीद राजाने परक्याची बायको आणली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारविले. आपल्या थोर पुरुषांची लफडी इतक्या रोखठोकपणे टिपून ठेवणारे ग्रंथ फार नसतील. हिब्रूत 'हेसेद' असा एक शब्द आहे. समोरच्याने पाठ फिरवली तरी न सुटणारी माया, असे मी त्याचे मराठी करतो. १३६व्या स्तोत्रात सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीचे धृपद या हेसेदचेच.

याचा अर्थ सगळे माफ, असा मात्र नव्हे. इ. स. पूर्व ५८६च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम जाळले आणि ग्रंथकार म्हणतात, हे आपल्याच पापाचे फळ. पण त्या वेढ्यातच कैदेत पडलेला यिर्मया संदेष्टा काय करतो? शत्रूच्या ताब्यात जाणारे गावाकडचे शेत सतरा शेकेल चांदी तोलून विकत घेतो आणि खरेदीखत मडक्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. शेत कसायला आपण उरणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी घाटघरला गेलो. तिथे कड्याच्या टोकाशी देश संपतो आणि पायाखाली कोकण पसरते. त्या कोकणाच्या दक्षिण अंगाला, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएलांचे पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा आहे. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्राने नेल्या. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. गावांवरून किहीमकर, दिवेकर, पेणकर झाले. हिब्रू गेली, ग्रंथ गेले, सणांची नावे गेली. उरली एक 'शेमा', देव एकच आहे असे सांगणारी छोटी प्रार्थना. बारसे असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. आणि उरले सण, मराठी नावांचे. प्रायश्चित्ताच्या उपवासाला ते 'दारफळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून आत बसायचे. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा झाला 'बिरड्याचा सण'. हजारो कोसांवरच्या राखेचे सुतक आणि ताटात मोड आलेल्या वालांचे बिरडे!

हा पराक्रम देवाच्या इमानाचा म्हणावा की चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या चिवटपणाचा, असा वाद कोणी घातला तर मी त्यात पडणार नाही. आजीला असा प्रश्नच पडला नसता.

पुढचा भाग मात्र कडू आहे. १९४८नंतर हे लोक इस्राएलला जाऊ लागले, तर १९६२च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशावळीची चौकशी करायचे ठरविले. ज्यांनी पोथीवाचून धर्म राखला त्यांनाच पुरावा मागितला गेला. माणसे यरुशलेमच्या रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे १९६४ साली तो जाच मागे घेण्यात आला. मित्राच्या वडिलांनी बांधलेले सामान दोन वर्षे तसेच पडून होते, ते त्यानंतर हलले. निघताना आजीने माझ्याकडून वचन घेतले, "पत्र लिहीत जा हो त्याला." मी हो म्हणालो. त्या वेळी मी चांगला जागा होतो.

धरणावर बसून अखेर पत्र लिहिले. रंधा पावसाळ्यात तसाच कोसळतो, एरवी धरणातून पाणी सोडतील तेव्हा. विल्सनसाहेबाच्या भिंतीला १९६९ साली तडे गेले होते, मागच्या अंगाने आधारभिंती बांधून ती सावरली. आता तुडुंब पाणी अडवून उभी आहे. तू सांगितलेला विल्सन दुसरा होता, हेही लिहिले. इतक्या वर्षांची माफी मागायला गेलो तर दोन ओळी खोडाव्या लागल्या, तेव्हा तो नाद सोडला.

त्याच्या पत्राच्या तळाशी, नेहमीप्रमाणे, अलिबागकडचे कडवे वाल अजून मिळतात का, असे विचारले आहे. परतताना पनवेलच्या बाजारात अर्धा किलो घेतले. बियाणे टपालाने परदेशी धाडू देतात की नाही, ते उद्या पोस्टात विचारायचे आहे.