एकादशीच्या ताटातले दूरदेशीचे पाहुणे

१.
साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची आणि सोबत राजगिऱ्याची वडी. एकादशीच्या या ओळखीच्या ताटातील पाचही जिनसांच्या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली. ज्ञानेश्वरांच्या काळी एकादशी होती, पंढरीची वारी होती. यांपैकी एकही जिन्नस मात्र नव्हता.

२.
ही गोष्ट घरात निघाली की संभाषण बहुधा दोन वाटांनी जाते. तरुण विचारतात, ‘मग हा कसला प्राचीन उपवास?’ वडीलधारे उत्तरतात, ‘आमच्या आजीच्या आजीपासून हेच चालत आले आहे.’ दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. खरा प्रश्न वेगळाच आहे : हे पाहुणे थेट उपवासाच्या पंक्तीत कसे बसले?

३.
त्यांच्या नावांत काही खुणा सापडतात. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला आले आणि १५१० साली त्यांनी गोवा घेतला. अमेरिकेतील अनेक पिके त्यांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरली. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. उत्तरेत त्याच कंदाला ‘आलू’ हे जुने देशी नाव मिळाले. मराठीने परकेच नाव आपलेसे केले.

४.
मिरचीचे उलट झाले. तिच्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. नव्या फळाला जुन्या मिरीवरूनच नाव पडले. जमिनीखाली शेंगा धरणारे पीक आले, तेव्हा ओळखीच्या मुगावरून ते ‘भुईमूग’ झाले. राजगिऱ्याचे नाव तर इतके देशी वाटते की त्याच्या परदेशी उगमाची शंकाही येत नाही.

५.
साबुदाण्याची कथा सर्वांत वळणाची. ‘सागू’ हा मलय भाषेतील शब्द. आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातील पिठाचा. भारतातील आजचा साबुदाणा मात्र कसावा या दक्षिण अमेरिकी कंदापासून होतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल अडला आणि तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. नाव एका झाडाचे राहिले, वस्तू दुसऱ्याची झाली.

६.
आता उपवासाचा नियम पाहू. एकादशीला वर्ज्य असते ते धान्य; कंद, फळे, दूध चालते. ज्वारी, तांदूळ, गहू, डाळी ही नित्याची अन्ने निषिद्धांत आधीपासून होती. बाहेरून आलेल्या जिनसांना त्या यादीत जागाच नव्हती. बटाटा कंद असल्याने रताळ्याशेजारी सहज बसला. आणि ते रताळेही मूळचे अमेरिकेचेच.

७.
ही विभागणी वनस्पतिशास्त्राची नव्हे. भुईमूग मुगासारखाच शेंगवर्गीय, तरीही मूग वर्ज्य आणि दाणे चालतात. वरी हे तर अस्सल तृणधान्य, तरीही तिचा भात उपवासाला होतो. एका घरी जिरे चालते, शेजारच्या घरी चालत नाही. काय चालते आणि काय नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरांनी ठरवले आहे.

८.
म्हणून ‘उपवास खोटा’ हा निष्कर्ष चुकतो आणि ‘ताट अनादी’ हा समजही. नियम जुना आहे. त्याखालचे जिन्नस बदलत गेले. वरी आणि शिंगाडा हे इथलेच जुने सोबती त्याच ताटात आजही आहेत.

९.
हे बदल नेमके कोणत्या घरी, केव्हा झाले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. दफ्तरांत मेजवान्यांचे हिशेब सापडतात, रोजच्या चुलीचे क्वचितच. ती माहिती ज्येष्ठांच्या आठवणीत आहे आणि त्यांच्याबरोबरच ती जाते. पुढच्या एकादशीला ‘हे सगळे परदेशी आहे’ असे सांगून वाद जिंकण्याऐवजी ‘आजी, तुमच्या लहानपणी उपवासाला काय करत असत?’ असे विचारावे, आणि उत्तर गाव व अंदाजे सालासह लिहून ठेवावे.