स्फीतीपूर्व विश्व आणि अभय अष्टेकर यांचे संशोधन

विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. आरंभीच्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात ते प्रचंड वेगाने फुगले, असे बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञ मानतात. या टप्प्याला इन्फ्लेशन, म्हणजेच स्फीती म्हणतात. अमेरिकेचे ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. स्फीतीच्या आधी काय घडले, याविषयी मात्र एकमत नाही. या प्रश्नाच्या अभ्यासात धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार काळात मागे जावे, तर विश्वाची घनता अखेर अनंत होते आणि समीकरणे निरुपयोगी ठरतात. अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ मधील समीकरणाच्या आधारे पेनरोज व हॉकिंग यांनी हा शेवट अटळ असल्याचे दाखवले. परंतु त्यांच्या प्रमेयांत गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम स्वरूप विचारात घेतलेले नव्हते, आणि नेमके तेच त्या क्षणी निर्णायक असते.

अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यातून ‘लूप क्वांटम गुरुत्वाकर्षण’ हा सिद्धांत उभा राहिला. या सिद्धांतात अवकाश अखंड नसून सूक्ष्म कणांचे विणलेले आहे. वस्त्र दुरून सलग दिसते, जवळून धागे दिसतात, तसे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००६ मध्ये पाव्लोव्स्की व परमप्रीत सिंग यांच्यासह केलेल्या गणितात घनता अनंत झालीच नाही. प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांवर, म्हणजे पाण्याच्या घनतेच्या २ वर ९३ शून्ये इतक्या पटींवर, गुरुत्वाकर्षण जणू अपकर्षक बनते आणि आकुंचन पावणारे विश्व पुन्हा प्रसरण पावू लागते. महास्फोटाच्या जागी ही ‘महाउसळी’ येते.

उसळीपासून स्फीतीच्या आरंभापर्यंत घनता सुमारे १०० अब्ज पटींनी घटते. हा मधला प्रवास अष्टेकर यांनी अगुलो व नेल्सन यांच्यासह २०१२ मध्ये गणिताने जोडून दाखवला.

जयंत नारळीकर यांची भूमिका याहून वेगळी होती. हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी अनादी विश्वाचे प्रारूप मांडले. २०२५ मधील निधनापर्यंत महास्फोटाविषयीचा त्यांचा संशय कायम होता. निरीक्षणांचा कौल त्यांच्या बाजूने नव्हता. तरीही आरंभ गृहीत धरू नये, हा त्यांचा आग्रह उसळीच्या चर्चेत आजही प्रस्तुत वाटतो.

या कल्पनांची कसोटी आकाशातच आहे. प्लांक उपग्रहाने टिपलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणात सर्वांत मोठ्या कोनांवरील चढउतार अपेक्षेहून किंचित कमी आढळले. अष्टेकर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याचा संबंध उसळीशी जोडला. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, कारण तपासण्यासाठी आकाश एकच उपलब्ध आहे.