रोझेलची पंगत

आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, हे आपण सारे शाळेत वाचतो. तेथे त्या कोणाच्या घरी उतरल्या आणि काय जेवल्या, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या मते त्या चरित्राचा गाभा तेथेही सापडतो.

आरंभ एका पत्राने झाला. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांनी १८७८ साली रॉयल वाइल्डर या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागितले. ख्रिस्ती व्हावे, असा उत्तराचा रोख होता. आम्ही स्वतः धर्मोपदेशक आहोत. तरीही मदतीला अशी अट जोडणे शुभवर्तमानास शोभत नाही, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. पण तोच पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला आणि १८८० साली न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडला, तोही दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना! त्यांनी कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत जाहीर केले होते. मांसाहार त्यांस वर्ज्य होता. महाविद्यालय सुरू होईपर्यंतचा उन्हाळा त्यांनी रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात घालविला. तेथेच त्यांनी एकदा स्वतः रांधून त्या घरच्या मंडळींना व त्यांच्या स्नेह्यांना आपल्याकडील जेवण वाढले. पाहुणे खाली बसले आणि हाताने जेवले. खुर्चीवर बसण्याचा जन्माचा सराव असलेल्या त्या मंडळींच्या गुडघ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

या पंगतीचे मोल समजण्यासाठी त्या वेळचे पुणे आठवावे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे केवळ चहा-बिस्किटे ठेवली गेली. नावे वृत्तपत्रात छापून येताच गहजब झाला, वाद शंकराचार्यांपर्यंत पोहोचला आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. हा सारा घाट घालणारी व्यक्ती म्हणजे हेच गोपाळराव! त्याच्या सात वर्षे आधी त्यांची तरुण पत्नी परक्या देशात ख्रिस्ती कुटुंबाला आपल्या हातचे जेवण वाढून मोकळी झाली होती, तीही आपला धर्म वा आहार तसूभर न सोडता.

पुढे फिलाडेल्फियात मात्र थंडी व एकाकी बिऱ्हाड यांनी त्यांची प्रकृती पोखरली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत, या ब्राह्मणकन्येच्या अस्थी आजही आहेत.