दातांना कीड, बाळाचा हट्ट आणि संशोधनाचा प्रश्न

पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणारे बरेच जण एकच गोष्ट विचारतात: ‘विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही. काय करू?’ व्याख्या पाठ करून हे सुटत नाही. म्हणून आज आपण एक अगदी घरगुती विषय घेऊ आणि गेल्या दीडदोन हजार वर्षांत त्याच्यातून प्रश्न कसे बदलत गेले ते पाहू.

विषय असा: दोन-अडीच वर्षांचं मूल दात घासू देत नाही. ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटतं, मान फिरवतं, पेस्ट गिळून टाकतं. कोल्हापूर असो की कणकवली, सकाळी सातला हा तमाशा घरोघरी चालतो. आजी म्हणते, ‘राहू दे गं, दुधाचेच दात आहेत, पडणारच की.’ आईला ऑफिस गाठायचं असतं. दात तसेच राहतात.

हा विषय झाला, प्रश्न अजून झालेला नाही. आता मागे जाऊ.

पहिला प्रश्न: कशाने घासायचे?

सुश्रुतसंहितेत दात घासायच्या काडीचं माप दिलेलं आहे: लांबी बारा अंगुळं, जाडी करंगळीएवढी. कोणत्या चवीसाठी कोणतं झाड उत्तम तेही सांगितलंय. कडू चवीत निंब, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह आणि तिखट चवीत करंज. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग नालंदात राहिला, आणि त्यानेही इथल्या दंतकाष्ठाबद्दल सविस्तर लिहून ठेवलं. मापाचा आकडा त्याच्याकडेही बाराच बोटांचा आहे.

आपल्याकडे पुढे बाभळीची आणि कडुनिंबाची काडी चालत राहिली. चुलीपुढे बसून गोवरीच्या राखेची राखुंडी लावणं, हिरड्या घट्ट राहाव्यात म्हणून दातवण लावणं हे आपल्या आज्या-पणज्यांनी केलेलं आहे. मग बाजारात माकडछाप काळी पावडर आली. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विको सुरू केली आणि वज्रदंती पावडर दारोदार विकली गेली. नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत १९३८ मध्ये आला. त्याआधीचे ब्रश डुकराच्या राठ केसांचे असायचे, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक घरांत ते का शिरले नसतील हे वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट टिपून ठेवा. या सगळ्यात घासणारा माणूस मोठा आहे, स्वतःचे दात स्वतः घासणारा. काश्यपसंहिता हा तर खास बालकांचा ग्रंथ. त्यात दात येण्याबद्दल ‘दंतजन्मिक’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, पण त्याचा विषय दात येणं हा आहे. यावरून ‘पूर्वी लहान मुलांचे दात कोणी घासतच नव्हतं’ असं लिहून मोकळे होऊ नका. ग्रंथात नसणं आणि घरात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळाच्या हिरड्या ओल्या फडक्याने पुसणाऱ्या आईने त्याची नोंद कुठे करून ठेवायची? जी कामं बायका रोज करतात ती कागदावर क्वचित येतात. इतिहासाची साधनं वापरताना हे डोक्यात पक्कं असू द्या.

दुसरा प्रश्न: दात किडतो म्हणजे काय होतं?

आपण अजूनही म्हणतो, ‘दाताला कीड लागली.’ ही नुसती बोलण्याची पद्धत नाही. दातात खरोखर किडा शिरतो आणि दात पोखरतो, अशी समजूत जगभर होती. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. त्याआधी, १६८३ मध्ये, हॉलंडच्या लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्यात त्याला वळवळणारे बारीक जीव दिसले. गंमत म्हणजे हा माणूस रोज मिठाने दात घासायचा! पण ‘जीव आहेत’ इथून ‘जीव दात पोखरतात’ इथपर्यंत यायला दोनशे वर्षं लागली.

ती उडी मारली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी. १८९० च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की तोंडातले जिवाणू पिष्टमय आणि गोड पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. १९२४ मध्ये लंडनला क्लार्क यांनी किडलेल्या दातांमधून स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स वेगळा केला. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टेफन यांनी ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरच्या थराचा सामू मोजला. काही मिनिटांत तो खाली येतो, साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातली खनिजं सुटायला लागतात, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकात जो ‘स्टेफन वक्र’ असतो तो हाच.

प्रश्न किती बदलला बघा. ‘काडी निंबाची की खैराची’ याऐवजी आता प्रश्न आहे: दिवसात किती वेळा आणि किती वेळ सामू खाली राहतो?

तिसरा प्रश्न: गोड किती, की किती वेळा?

हा प्रश्न कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाची बाजारपेठ म्हणून. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर गेलेल्या पोराच्या हातावर गरम गूळ पडला नाही असं होत नाही, आणि काकवी-चपाती हा तर बालपणाचा हक्कच. गुळात लोह वगैरे असतं म्हणून तो साखरेपेक्षा बरा, असं आपण मानतो. पण गुळातही मोठा भाग सुक्रोजचाच असतो आणि दातावरच्या जिवाणूला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही.

किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे, याचा सर्वांत भक्कम पुरावा स्वीडनमधून आला, आणि तो वाचताना मान खाली जाते. लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर १९४५ ते १९५३ या काळात आहाराचे प्रयोग झाले. काहींना मुद्दाम चिकट टॉफी दिवसभर खायला दिल्या. निष्कर्ष स्पष्ट निघाला: एकूण साखरेपेक्षा ती दोन जेवणांच्या मध्ये, पुन्हापुन्हा, दाताला चिकटून राहील अशा रूपात खाणं जास्त घातक. या प्रयोगासाठी माणसांचे दात किडवले गेले आणि त्यांना संमती देता येत नव्हती. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते आजही उद्धृत होतात. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना ज्यांना कंटाळा येतो त्यांनी विपेहोल्म एकदा वाचावं.

आपल्या बाळाकडे वळायचं तर, झोपताना तोंडात राहिलेली साखरदुधाची बाटली ही एका पेढ्यापेक्षा वाईट. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे आम्ल धुतलं जात नाही.

चौथा प्रश्न: पेस्टमध्ये काय?

अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला १९०१ पासून लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते, पण ते दात सहसा किडत नव्हते. कारण सापडायला १९३१ उजाडलं: पाण्यातलं फ्लोराइड. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली आणि अकरा वर्षांनी, त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधलं दात किडण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलेलं दिसलं.

पण आपल्याकडची गोष्ट उलटी. १९३७ मध्ये नेल्लोर भागातून फ्लोराइडच्या विषबाधेची नोंद झाली, आणि महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. म्हणजे तोच पदार्थ एका गावात औषध आणि दुसऱ्या गावात रोग. म्हणून मात्रा मोजावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं ते याच हिशेबाने. बाळ पेस्ट गिळणारच हे त्यात गृहीत धरलेलं आहे. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात ती विसरा.

पाचवा प्रश्न: मूल कोणाकडे बघून शिकतं?

याचं उत्तर महाराष्ट्राने फार महाग दिलंय. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती सुरू होते ‘दात घासायला’ म्हणून, आणि मग दिवसातून चार-चार वेळा लागते. आई-आजी ओसरीवर बसून लावतात, शेजारी मूल बघत असतं. दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता लेबल कायदा लागणार? प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये दाखवलं की मिश्रीसारखी धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. म्हणजे दात घासण्याच्या सवयीचा परिणाम दात येण्याआधीच बाळापर्यंत पोचला होता.

यातून हेही दिसतं की दात घासणं मूल सांगून शिकत नाही, बघून शिकतं. मिश्री ज्या वाटेने पुढच्या पिढीत जाते, त्याच वाटेने ब्रशही जाऊ शकतो.

आता आपला प्रश्न

कॅनडात सरे या गावी वाइनस्टाइन, हॅरिसन आणि बेंटन यांनी पंजाबी भाषक स्थलांतरित कुटुंबांतली ६ ते १८ महिन्यांची २४० बाळं घेतली. एका गटातल्या आयांना पत्रक आणि व्हिडिओ दिला. दुसऱ्या गटातल्या आयांशी एकदा निवांत बोलणं झालं आणि नंतर सहा वेळा फोन केले गेले. ‘असं करा’ असा उपदेश त्यात नव्हता. तुमच्या घरात यातलं काय जमेल, अडचण कुठे येते, असं विचारलं गेलं. २००४ मध्ये पहिल्या वर्षाचे आकडे आले: पत्रकवाल्या गटात दर मुलामागे सरासरी १.९१ नवे किडलेले डाग, बोलणं झालेल्या गटात ०.७१.

आकडे बघून लगेच टाळ्या वाजवू नका. प्रमाण विचलन सरासरीपेक्षा कितीतरी मोठं होतं, म्हणजे बऱ्याच मुलांना काहीच झालं नव्हतं आणि थोड्यांना खूप. अशा वेळी सरासरीवर विसंबायचं का, हा प्रश्न तुम्हाला व्हायव्हात नक्की विचारला जाईल. पण डिझाइन बघा. बाळाचा हट्ट मोडायचा प्रयत्नच त्यांनी केला नाही. त्यांनी हस्तक्षेपाचं एकक बदललं: बाळाऐवजी आई.

मग सकाळच्या तमाशाचं काय? आतापर्यंतच्या सगळ्यातून काही सरळ गोष्टी निघतात. दोन वर्षांचं मूल ‘मी करणार’ म्हणतं, ते त्याच्या वयाचं कामच आहे. म्हणून दोन ब्रश ठेवा, एक त्याच्या हातात, एक तुमच्या. आधी त्याने घासायचं, शेवटचा हात मोठ्या माणसाचा, आणि हे साधारण सात वर्षांपर्यंत. दोन मोठी माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसली आणि बाळाचं डोकं एकाच्या मांडीवर ठेवलं, तर तोंडात नीट दिसतं. झणझणीत पुदिन्याची पेस्ट टाळा. त्याच्यासमोर तुम्ही स्वतः घासा. दोन्ही वेळा जमलं नाही तर निदान रात्रीचं सोडू नका. आणि आजीला वाद घालून नव्हे, हे सांगून पटवा: दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तोवर पोरानं चावायचं कशाने?

शेवटी, याच विषयातून आरआरसीसमोर न्यायचा प्रश्न कसा दिसेल ते बघा. ‘लहान मुलांचं मौखिक आरोग्य: एक अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘करवीर तालुक्यात एकत्र आणि विभक्त कुटुंबांत, दोन ते तीन वर्षांच्या मुलाचे दात रात्री कोण घासतं, आणि घासणारी व्यक्ती बदलली की नव्या किडीचं प्रमाण बदलतं का?’ हा प्रश्न. त्यात वय आहे, जागा आहे, तुलना आहे, मोजता येईल असं काहीतरी आहे. उत्तर ‘नाही’ आलं तरी तुमच्या हाती काही लागेल.

तुमचा विषय कागदावर लिहा आणि त्याच्यासमोर हे पाच जुने प्रश्न ठेवा: कशाने, का, किती वेळा, किती मात्रेत, कोणाकडून. एखादा तरी असा निघेल की जो तुमच्या गावात अजून कोणी नीट विचारलेला नाही. तिथून सुरुवात करा.