१२ ऑगस्ट २००८ : घड्याळ मागे घेऊन सुरू करावे लागलेले सर्व्हर

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/१२
मंगळवार, १२ ऑगस्ट २००८. जगात ही तारीख पूर्वेकडून पश्चिमेकडे जसजशी उजाडत गेली, तसतशा अनेक संगणक-केंद्रांतून सारख्याच तक्रारी येऊ लागल्या. चालू असलेले सर्व्हर व्यवस्थित चालत होते. मात्र एकदा बंद केलेला सर्व्हर पुन्हा सुरू होत नव्हता. यंत्रात बिघाड नव्हता, वीजपुरवठा सुरळीत होता. पडद्यावर केवळ ‘अंतर्गत त्रुटी’ असा मोघम संदेश येत होता.

२/१२
हे सर्व्हर आभासी होते. जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे नांदत, तशी एका भक्कम यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदतात. प्रत्येकाला वाटते की सारी जागा आपलीच. स्मृती, प्रोसेसर आणि डिस्क यांची वाटणी करणाऱ्या कारभाऱ्याला हायपरवायझर म्हणतात. त्या दिवशी दोष बिऱ्हाडांत नव्हता. तो कारभाऱ्यात होता.

३/१२
ही कल्पना १९६० च्या दशकातली. महागडा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा, या गरजेतून आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली घडवली. तिच्यातून सीपी-६७ आली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली.

४/१२
त्या परंपरेने एक मोलाची पद्धत दिली. नवी आवृत्ती थेट खऱ्या यंत्रावर न चढवता, ती आधी जुन्या आवृत्तीच्या आत एक आभासी यंत्र म्हणून चालवून पाहता येत असे. ती कोसळली, तरी बाकीच्यांच्या कामात खंड पडत नसे. सुधारित आवृत्तीची पारख कशी करावी, हा प्रश्न या तंत्रज्ञानाइतकाच जुना आहे.

५/१२
१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी आभासीकरणास योग्य यंत्राच्या अटी मांडल्या. घराघरांत पोहोचलेले इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून पुढे आलेल्या मंडळींनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी स्थापली आणि चतुर सॉफ्टवेअरच्या बळावर ही अडचण ओलांडली. २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स आले. २००३ मध्ये आलेल्या व्हीमोशनने तर चालू आभासी यंत्र बंद न करता दुसऱ्या यंत्रावर हलवता येऊ लागले.

६/१२
२००८ पर्यंत असंख्य कंपन्यांनी आपले सर्व्हर या वाड्यांत हलवले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थापक डायान ग्रीन यांना मुख्याधिकारीपदावरून दूर करण्यात आले आणि मायक्रोसॉफ्टमध्ये दीर्घकाळ काम केलेले पॉल मारिट्झ त्या जागी आले. महिनाअखेरीस ईएसएक्स ३.५ ची ‘अपडेट २’ ही सुधारणा प्रसिद्ध झाली.

७/१२
दोष नेमका येथेच होता. प्रसिद्धीपूर्व चाचणी-आवृत्ती लोकांनी कायम वापरत राहू नये, म्हणून तिच्यात मुदत घातलेली असते. तो मुदतीचा तुकडा अंतिम आवृत्तीतून निष्क्रिय करायचा राहून गेला. १२ ऑगस्ट उजाडताच कारभाऱ्याने आपली मुदत संपल्याचे मानले आणि नवे यंत्र सुरू करण्यास नकार दिला. रीतसर परवाना असूनही ग्राहक अडकले.

८/१२
विपरीत असे, की फटका बसला तो तत्परतेने सुधारणा करणाऱ्यांना. आळसाने किंवा सावधपणे जुन्या आवृत्तीवर थांबलेले सुरक्षित राहिले. शिवाय व्हीमोशनही बंद पडले होते. एखादे यंत्र कोसळले, तर त्यावरील सर्व्हर शेजारच्या यंत्रावर आपोआप सुरू होण्याची सोय असते; तीही ‘सुरू करणे’ याच क्रियेवर अवलंबून होती. सारे काही चालू दिसत होते, पण खालची जाळी निघून गेली होती.

९/१२
तातडीचा उपाय साधा होता : यंत्राचे घड्याळ वेळ-सर्व्हरपासून तोडायचे, तारीख १० ऑगस्टवर न्यायची आणि मग आभासी यंत्र सुरू करायचे. मात्र आभासी यंत्रे बहुधा आपली वेळ खालच्या यंत्राकडून घेतात. दोन दिवस मागे गेलेल्या सर्व्हरवर नोंदींचा क्रम बिघडतो. केर्बेरॉससारखी ओळख-पडताळणी सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक फरक खपवून घेत नाही. म्हणून एक गाठ सोडवताना दुसरी पडणार नाही, हे प्रत्येक व्यवस्थापकाला जपावे लागले.

१०/१२
मारिट्झ यांना पदावर येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून क्षमा मागितली आणि दोन चुका स्पष्ट शब्दांत मान्य केल्या : तो तुकडा अंतिम आवृत्तीत निष्क्रिय केला गेला नाही, आणि गुणवत्ता-तपासणीत तो सापडला नाही. दुरुस्ती लगोलग उपलब्ध करून देण्यात आली.

११/१२
जुलैत कितीही कसून चाचणी केली असती, तरी हा दोष दिसला नसता. कारण तो जुलैत अस्तित्वातच येत नव्हता. तो पाहण्यासाठी प्रयोगशाळेतील घड्याळ पुढे न्यावे लागले असते. सन २००० च्या तारीख-संकटावेळी जगभर नेमके हेच केले गेले होते. आठ वर्षांत तो धडा विस्मरणात गेला.

१२/१२
सुधारणा टाळणे हा यावरचा उपाय नव्हे. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या फटी तशाच राहतात. पण सारी यंत्रे एकाच दिवशी नव्या आवृत्तीवर न नेता एखादे जुन्यावर ठेवणाऱ्यांना त्या मंगळवारी निदान तेथे आपले सर्व्हर सुरू करता आले. अनेक बिऱ्हाडे एका छताखाली आणली, की छताची दुरुस्ती टप्प्याटप्प्यानेच करावी लागते.

#मराठी #इतिहास #तंत्रज्ञान