पत आणि तिची वही

लखनौच्या दक्षिणेस, कानपूरच्या वाटेवर, सरोजिनी नगर हा भाग लागतो. अमौसीचा विमानतळ त्याच्या अंगालाच आहे. सरकारी नोकरीमुळे माझे बिऱ्हाड काही वर्षांपासून तेथे आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक मराठी तरुण खिन्न मुद्रेने माझ्याकडे आला. घरासाठी त्याने मागितलेले कर्ज नाकारण्यात आले होते. पगाराचे नवे खाते उघडताना समोर आलेल्या कागदांवर सह्या करून त्याने क्रेडिट कार्डही मागितले होते, आणि पुढे महिन्याभरात आणखी पाचसहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले होते. “काका, मी कोणाचा एक पैसा बुडवलेला नाही, मग माझी पत गेली कशी?” असे त्याने विचारले. त्याचा प्रश्न साधा होता; पण त्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा मला दीडदोनशे वर्षे मागे जावे लागले.

पत म्हणजे दुसऱ्याच्या मनातील आपल्याविषयीचा विश्वास. पैसा आपल्या पेटीत असतो, पत मात्र परक्याच्या घरी वसते. पेशवाईत उत्तरेकडील वसुली पुण्यास पोचे ती बहुधा हुंडीने. दूरच्या पेढीने हुंडी सकारली म्हणजे लिहिणाऱ्याची पत राहिली, नाकारली की बाजारात बभ्रा झालाच. थोरल्या बाजीरावांसारखा रणधुरंधरही सावकारांच्या तगाद्याने गांजलेला होता, हे त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांवरून दिसते. त्या काळी पतेची चौकशी तोंडी होई. गाव कुळाला ओळखे, कूळ सावकाराला ओळखे, आणि व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये हा दामदुपटीचा दंडक दोघांनाही ठाऊक असे.

इंग्रजी अमलात या ओळखीची जागा कागदाने घेतली. कागद ज्याच्या हाती, त्याचे बळ अधिक. लखनौचेच उदाहरण पाहा. 1814 साली नवाब गाजीउद्दीन हैदर यांनी ईस्ट इंडिया कंपनीला नेपाळच्या युद्धासाठी एक कोटीहून अधिक रुपये कर्जाऊ दिले. त्याचे व्याज नवाबाच्या आप्तांना व आश्रितांना वंशपरंपरेने मिळावे असे ठरले. त्यालाच वसिका म्हणतात. पुढे 1856 मध्ये कंपनीने अवधचे राज्यच खालसा केले; परंतु वसिका बुडाला नाही. त्याचे बारीक होत गेलेले हिस्से एकविसाव्या शतकातही वारसांच्या हाती पडत आले. राज्य गेले, करार राहिला; कारण कराराचा लेख दोन्ही पक्षांपाशी होता.

सुप्याच्या शेतकऱ्यापाशी असा लेख नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला. त्यातच 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची केली होती. हा कायदा ऋणकोच्या रक्षणासाठी होता. पण दर तीन वर्षांनी जुने व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. निरक्षर कूळ अंगठा उठवी. वही सावकाराची, लेखणी त्याचीच, आणि न्यायालय पाही ते केवळ रोख्याकडे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक उठले आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे व वह्या हुडकून त्यांची होळी करण्यात आली. सावकाराला धान्य हवे होते, जमीन हवी होती. शेतकऱ्याला त्या दिवशी हवी होती ती आपल्याविषयी लिहिलेली वही.

सरकारने आयोग नेमला, आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. ऋणकोला पावती, हिशेबाचा उतारा व पासबुक मागण्याचा हक्क दिला. सावकारांनी यातूनही वाट काढली आणि गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास प्रारंभ केला. कायद्याने हक्क मिळाला, परंतु दुसरा धनको मिळाला नाही. तो मिळावा म्हणून 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये केलेल्या ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, तर सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास आढळला.

आता वही पुन्हा बदलली आहे. 2000 साली मुंबईत सिबिल ही पतविषयक माहिती गोळा करणारी संस्था निघाली, 2005 मध्ये तिच्यासारख्या संस्थांसाठी कायदा झाला, आणि आज देशात अशा चार संस्था आहेत. माणसाची पत तीनशे ते नऊशे यांमधील एका अंकात मांडली जाते. साधे बचत खाते उघडताना बँक आपली ओळख पटवून घेते. तेवढ्याने हा अंक हलत नाही. पण त्याच बैठकीत कार्ड किंवा कर्ज मागितले की बँक ही वही उघडते, आणि ती उघडल्याची नोंदही वहीतच होते. थोड्या दिवसांत अशा अनेक नोंदी दिसल्या की हा गृहस्थ पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असा अर्थ पुढचा धनको काढतो. माझ्या तरुण शेजाऱ्याचे नेमके हेच झाले होते. आपली वही आपण स्वतः पाहिली तर मात्र अंक घटत नाही.

मी त्याला तेच करावयास सांगितले. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. त्यात चूक असेल तर दुरुस्तीची मागणी करता येते, आणि तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्याने अहवाल मागवला. त्यात त्याच्या अर्जांच्या नोंदी होत्याच. शिवाय त्याने कधीही न घेतलेले एक लहानसे कर्जही त्याच्या नावे थकलेले दाखवले होते. त्याने तक्रार केली, ती नोंद निघाली. अर्जांच्या नोंदी खऱ्याच होत्या, त्यांचे वजन काळच कमी करील. तोवर नवा अर्ज करावयाचा नाही, असे त्याने ठरवले आहे.

सुप्याच्या बाजारात ज्यांनी वह्या जाळल्या त्यांना त्या वाचता येत नव्हत्या, आणि वाचण्याचा हक्कही नव्हता. आज हक्क आहे, अक्षरही आहे. तरी आपल्यापैकी कितीजण ती वही उघडतात? पत दुसऱ्याच्या मनात वसते हे खरेच; पण तिच्याविषयी काय लिहिले जात आहे, हे वर्षातून एकदा तरी आपण पाहावयास हवे.